जावयाच्या गाडीचं फिल्टर

मोटरसायकलचं ऑइल फिल्टर किती दिवसांनी बदलावं, हे मला अजूनही लोक विचारतात. म्हातारी एकेकाळी इंजिनात हात घालायची, हे गल्लीत कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं. मी म्हणते, पुस्तकात छापलं असेल तसं करा, माझं डोकं नका खाऊ. आमच्या दुकानात त्याचे दोन नियम होते. गिऱ्हाइकाचं फिल्टर धुवायचं, तेच परत बसवायचं आणि नवीन टाकलं म्हणून सांगायचं. जावयाचं मात्र दर खेपेला खरोखर नवीन टाकायचं. पहिला नियम लबाडीचा होता, त्यानं कोणाचं फारसं वाईट झालं नाही. दुसऱ्यानं झालं, आणि तो पाळणारी मी होते.

मी लग्न होऊन बालाघाटला आले तेव्हा गावात मोटरसायकली बोटावर मोजण्याइतक्या होत्या. बस स्टँडच्या मागं सासऱ्यांचं टिनाचं दुकान आणि त्याला लागून आमच्या दोन खोल्या. सासरे मिस्त्री. नवरा आठवडाभर गोंदियाला राइस मिलच्या इंजिनावर असायचा, शनिवारी छोट्या लाइनच्या गाडीनं यायचा आणि रविवार झोपून काढायचा. सासऱ्यांच्या हाताला कंप सुटला होता. मोठे बोल्ट ते उघडत, पण बारीक वायसर, स्प्रिंग, पिन हातातून निसटून धुळीत पडायची आणि मग शिव्या मला. शेवटी ते बारीक काम माझ्याच गळ्यात पडलं. डोक्यावरचा पदर दातात धरून मी इंजिनापुढं बसले की रस्त्यावरची माणसं थांबून पाहायची. सासरे त्यांना सांगत, "सून आहे. भांडे घासते तसंच आहे हे." मला त्या बोलण्याचा संताप यायचा. काम मात्र आवडायचं, भांड्यांपेक्षा कितीतरी.

त्या जड चार स्ट्रोकच्या गाडीत उजव्या अंगाला एक झाकण असे. ते काढलं की आत स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या मागं लोकर दाबून केलेल्या जाड नमद्याची वीतभरही नसलेली नळी. तेच फिल्टर. इंजिनातलं सगळं ऑइल त्यातून गाळून जातं. नवं असताना ते पांढरंशुभ्र असतं, महिना-दीड महिन्यात मधासारखं होतं, आणि धुवून धुवून वापरलेलं डांबरासारखं काळं पडतं. आमच्याकडच्या मुरमाड रस्त्यांची लाल धूळ खाऊन ते अगदीच तुंबलं, की ऑइल आतल्या बेरिंगपर्यंत पोचत नाही आणि इंजिन जाम होतं. तसं झालं की इंजिन उतरवून नागपूरला न्यायचं आणि गाडी दोन-दोन महिने बसवून ठेवायची. हे सगळं माहीत असूनही सासरे फिल्टर धुवायला लावत. रॉकेलच्या घमेल्यात बुडवून, मग रिठ्याच्या पाण्यात, मग उन्हात. त्यांचा ठाम विश्वास होता की लोकर धुतल्यानं आणखी चांगली गाळते, पहिल्या धुण्यानंतर कापड मऊ येतं तशी. कोणी समजवायला गेलं तर म्हणत, "तू इंजिन जास्त पाह्यले का म्या?"

आता नणंदेचं सांगते. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. घरात एकच पोरगी, लाडाची, जिभेला हाड नाही. मी भाकऱ्या किती थापल्या, तेल किती ओतलं, नवऱ्याशी किती वेळ बोलले, सगळं तिच्या तोंडून सासूच्या कानात जायचं. एकदा माझा भाऊ भंडाऱ्याहून भेटायला आला. त्याला वाटेत खायला मी दोन उकडलेली अंडी बांधून दिली. नणंदेनं आईला सांगितलं, वयनीनं घरातले अंडे भावाले देऊन टाकले, डझनभर. सासूनं महिनाभर मला घरात जेवू दिलं नाही. सैपाक मी करायचा, सगळ्यांना वाढायचं, आणि मग माझं ताट बाहेरच्या ओट्यावर, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांसमोर. ताट आणून ठेवायला नणंद यायची. जमिनीपासून हातभर वरूनच सोडायची. "घे, तुयं," म्हणायची आणि हसायची. पावसाचे दिवस होते, टिनाची गळती भातात पडायची. त्या महिन्यात मी ठरवून टाकलं की हे विसरायचं नाही.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. लांजीजवळच्या एका गावातलं घर, धानाची शेती, आणि मुलगा जंगलाच्या ठेकेदाराकडं मुकादम. त्याला या तळावरून त्या तळावर फिरावं लागे म्हणून त्यांनी मोटरसायकल मागितली. नवी देणं सासऱ्यांच्या आवाक्यात नव्हतं. सरकारी लिलावातली एक मोडकी गाडी त्यांनी आणली आणि चार महिने खपून ती उभी केली. कापऱ्या हातानं रंगही स्वतःच दिला. मांडवात पंगत बसली तेव्हा जावई मोठ्यानं म्हणाला, "मामाजी, गाडी रस्त्यात बंद पडली तं पोरगी अन् गाडी दोन्ही तुमच्या दारात उभी करीन. मंग दोघीले मिस्त्रीच पाह्यल." पंगत हसली. नणंदही पदराआड हसली. सासरे तेवढे हसले नाहीत.

त्या दिवसापासून त्यांनी धसका घेतला. जगाची फिल्टरं धुणाऱ्या माणसानं जावयासाठी नागपूरहून नवीन फिल्टरं मागवली. एका बसच्या ड्रायव्हरच्या हाती ती खोक्यातून येत. मलाजखंडच्या बाजूला तांब्याचा शोध घेणारे साहेब लोक येत, त्यांच्या गाड्यांनाही आम्ही धुतलेलीच बसवायचो, पण त्या खोक्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. पोरगी परत आली तर चार लोकांत नाक कापलं जाईल, हे सासूही दिवसातून दोनदा बोलून दाखवायची. गाडी चालली पाहिजे, एवढंच घरात उरलं.

जावई दर दीड महिन्यानं यायचा. मागच्या सीटवर नणंद. तो दुकानात खाटेवर पसरायचा, मी आधी ऑइल बदलायचं, फिल्टर बदलायचं, मग हात राखेनं घासून कोंबडी शिजवायची. नणंद मधल्या दाराच्या उंबऱ्यावर बसून माझं काम पाहत राहायची. पहिल्या खेपेला ती नव्या साडीत मिरवत होती आणि वास येतो म्हणून माझ्याजवळ नाक धरत होती. तिसऱ्या खेपेपासून ती बोलेनाशी झाली. पाचव्या खेपेला डोक्यावरचा पदर सरकला आणि आम्ही पाहिलं, केस मानेपाशी वेडेवाकडे कापलेले होते. भातात केस निघाला म्हणून तिच्या सासूनं विळ्यानं कापले होते, आणि नवऱ्यानं हात धरून ठेवले होते. माझ्या सासूनं लेकीचा पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "केस काय, येतात वापस."

खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला आधी बरं वाटलं होतं. बाकीचं नंतर वाटलं, आणि तेही थोडंच.

त्याच दिवशी ती रॉकेलच्या घमेल्यापाशी माझ्या शेजारी येऊन बसली. जावई बाहेर पानाच्या टपरीवर गेला होता. ती हळूच म्हणाली, "वयनी, आता नवीन नको टाकू. त्या गिऱ्हाइकायच्यातलं जुनं, काळं, ते बसव. न धुता."

"काहून?" मी विचारलं.

"गाडी बंद पडन ना. मंग तो मले इथं आणून सोडून देईन. सगळ्यायसमोर कबूल केलं होतं त्यानं."

ज्या बोलण्यानं तिच्या बापाची झोप उडाली होती, ते तिनं वचनासारखं जपून ठेवलं होतं. आपल्या पायानं येईन म्हटलं असतं तर आम्हीच तिला परत पाठवलं असतं, हे तिला कळत होतं. नवऱ्यानं आणून टाकलं तरच तिला या घरात जागा होती, आणि तो आणून टाकणार होता गाडी बंद पडल्यावर. मी विचारलं, बाबाला सांगितलं का. ती म्हणाली, "सांगतलं. बाबा म्हणे, गाडीत काही कमी आहे का?"

मी म्हणाले, "हौ. टाकतो जुनं."

तिनं माझा रॉकेलचा हात धरला. त्या दिवशी ती दोन वेळा भात मागून जेवली. जाताना सीटवर बसली तेव्हा चेहरा उजळलेला होता. जावई म्हणाला, "आज लय खूश दिसून राह्यली."

मी नवीनच टाकलं होतं. झाकण व्यवस्थित बसवलं होतं, स्प्रिंग, वायसर, सगळं जागच्या जागी. कारण विचाराल तर एक नाही. ती परत आली तर आम्हा नवरा-बायकोची मागची खोली तिला जाईल, हे एक. दुकानातलं बारीक काम करायला लागल्यापासून सासू मला जरा वचकून असायची, लेक आली की ते संपेल, हे दुसरं. आणि तिसरं, जे खरं होतं, ते म्हणजे मला तिला तिथंच ठेवायचं होतं. ओट्यावरचं जेवण काय असतं ते तिला नीट कळू दे, असं मला वाटत होतं. ती सहा आठवडे त्या इंजिनाकडं कान लावून बसली असेल. आज बंद पडेल, उद्या पडेल. मी इकडं सैपाक करताना ते डोळ्यापुढं आणायची आणि मला हसू यायचं. माझं वय तेव्हा बावीस होतं. बावीस काही लहान नव्हे.

सहा आठवड्यांनी गाडी धडधडत आली, नव्यासारखी. उतरल्या उतरल्या ती माझ्याकडं आली. "वयनी, टाकलं होतं ना जुनं?"

"हौ तर. इंजिनच मजबूत आहे तुयं, मी काय करू?"

मग मी झाकण काढलं. ती उंबऱ्यावर न बसता पुढं येऊन उकिडवी बसली. फिल्टर बाहेर आलं, मधाच्या रंगाचं. मिस्त्र्याची पोरगी ती, जन्मापासून काळी, पिवळी, पांढरी फिल्टरं पाहत वाढलेली. तिनं ते हातात घेतलं, बोटांनी दाबलं, ऑइल मनगटापर्यंत ओघळलं. परत घमेल्यात ठेवून दिलं. माझ्याकडं पाहिलंही नाही. त्या दिवशी जेवायला वाढलं तेव्हा ती म्हणाली भूक नाही. सासू म्हणाली, दिवस गेले असतील.

त्यानंतरच्या खेपेची गोष्ट. मी ऑइल काढायला लागले तर घमेल्यात कचकच आवाज आला. फिल्टर काढून चोळलं तर बोटांना बारीक रेती. रस्त्याची धूळ लाल असते आणि पिठासारखी असते. ही नदीची रेती होती, चाळून घेतल्यासारखी. ऑइलच्या टाकीचं बूच उघडून कोणी ओतल्याशिवाय ती तिथं जात नाही. निघायच्या आधी सकाळीच ओतली असेल, नाहीतर गाडी आमच्या दारापर्यंत पोचलीच नसती. मी वर पाहिलं. नणंद उंबऱ्यावर बसली होती. माझ्याकडं तिचं लक्ष नव्हतं, ती रस्त्याकडं पाहत होती, पण तिच्या पायाचा अंगठा जमीन उकरत होता.

मला काहीच करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, जुनं शोधायचं नव्हतं, सासऱ्यांच्या खोक्याला हात लावायचा नव्हता. फक्त आहे तसं झाकण लावून वर ऑइल ओतायचं होतं. लांजीच्या अर्ध्या रस्त्यात इंजिन जाम झालं असतं आणि संध्याकाळच्या आत नणंद घरी आली असती. फक्त झाकण लावायचं होतं.

मी रॉकेल ओतून इंजिन धुतलं. एकदा धुतलं, मग पुन्हा धुतलं. आतली जाळी काढून फुंकली. पंपाच्या तोंडाशी काडीला कापड गुंडाळून फिरवलं. नवीन फिल्टर टाकलं, नवीन ऑइल भरलं. त्यात दुपार गेली. जावई खाटेवरून ओरडला, कोंबडी शिजते का कोंबडा आरवायची वाट पाहता. हातात उरलेली ओली रेती घेऊन मी उंबऱ्यापाशी गेले आणि मूठ तिच्यापुढं उघडली. "सगळी काढली," म्हटलं. "एक कण बी नाही राह्यला आत."

तिनं रेतीत बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्या तुयं येवढं काय केलं होतं?"

मी सांगितलं. अंडी, ओटा, गळती, वरून सोडलेलं ताट, तिचं "घे, तुयं". एका श्वासात सांगितलं, इतके दिवस तोंडात धरून ठेवल्यासारखं. ती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. तिला आठवतच नव्हतं. आठवायला बराच वेळ लागला, आणि मग ती म्हणाली, "ते? ते तं मी मजाकनं करत होती."

तेव्हा मला तिच्या कानशिलात मारावीशी वाटली. आज वाटतं, ती खरंच बोलत होती. तिच्यासाठी ती मजाकच होती, आणि मी तिच्या मजाकेची किंमत म्हणून तिचं सगळं घेतलं. पण हे आजचं शहाणपण, त्याला काय चाटायचं आहे. त्या दिवशी मी हात धुतले, कोंबडी शिजवली, आणि ऊन उतरल्यावर ते दोघं निघून गेले.

चैत्रात जावई एकटाच आला. चांगला दिवस वर आला होता, सासरे एका ट्रकवाल्याचा जॅक दुरुस्त करत होते. त्यानं गाडी स्टँडवर लावली, टोपी काढली आणि उभ्यानंच सांगितलं, विहिरीत पडली. पाणी भरताना पाय घसरला.

सासू तिथंच खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. सासऱ्यांनी विचारलं, "कवा?"

"परवा."

"आमाले काहून नाही सांगतलं? तोंड तरी पाह्यलं असतं."

"गरमी किती आहे मामाजी. ठेवता येत नव्हतं."

त्यावर सासऱ्यांनी काही विचारलं नाही. आमच्याकडं विहिरीवर पाय कसे घसरतात हे सगळ्यांना माहीत असतं. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं, म्हणून कोणी विचारत नाही. मी आत जाऊन चहा ठेवला. साखर सांडली. बाहेर आणून दिला तर जावयानं बशीत ओतून प्यायला, दोन बशा. मग गाडीकडं पाहून म्हणाला, "आलोच आहो तं ऑइल-फिल्टरबी करून घ्या. उद्या मलाजखंडकडं जानं आहे, रस्ता खराब आहे."

सासरे उठले. कोपऱ्यात मोठा पाना पडला होता आणि ते त्याच्याच बाजूला चालले होते. मी मनात म्हटलं, मार. टाळकं फोड त्याचं, होऊ दे जे व्हायचं ते. इतक्या वर्षांत मी त्या म्हाताऱ्यासाठी कधी देवाला काही मागितलं नव्हतं, त्या क्षणी मागितलं. ते पान्यावरून पुढं गेले, खोकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"नवीन टाक," म्हणाले.

मी टाकलं. आज तरी जुनं ठेवावं, असं मनात आलं नाही असं नाही. पण आता गाडी बंद पडून कोण घरी येणार होतं. सासूचं रडणं ऐकत मी बोल्ट आवळले, ऑइल भरलं, बाहेर सांडलेलं फडक्यानं पुसून काढलं. काम चांगलं झालं होतं. मला वाईट काम करताच येत नव्हतं, तेवढं एक शिकले नव्हते.

सासऱ्यांनी किक मारली. पहिल्याच किकेत इंजिन लागलं. जावई सीटवर बसला, रेस देऊन कान लावून ऐकलं, आणि त्याला बरं वाटलेलं दिसलं. निघता निघता म्हणाला, "मामाजी, गाडी मात्र एक नंबर देली तुम्ही."

सासरे म्हणाले, "हौ."